मदत करणाऱ्या विद्यार्थिनीचे आभार: आधी तिचा वेळ परत करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टांझानियात मोशीजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत तुम्ही स्वयंसेवक म्हणून गणित शिकवताय. परतायला काही आठवडे उरलेत. फॉर्म टूमधल्या, म्हणजे माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षातल्या, एका मुलीनं तुम्हाला अगदी सुरुवातीपासून सांभाळून घेतलं. वर्गात दुभाष्याचं काम केलं, बाजारात भाव करून दिला, पावसात निसरड्या वाटेवरून खोलीपर्यंत सोडायला आली. आता तिच्यासाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटतंय. स्मार्टफोन द्यावा, पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलावा, की तिच्याबद्दल फोटोसकट लिहावं?

मी याच भागात, किलिमांजारोच्या उतारावरच्या शाळांत, बरीच वर्षं येऊन-जाऊन गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलंय. हल्ली नव्यानं जाणाऱ्या स्वयंसेवकांची तयारी करून घेते. फोनला माझं स्पष्ट नाही. फोटोलाही नाही. खर्चाबद्दल अर्धं नाही, ते पुढे सांगते. पण आभार जरूर माना, आणि भरपूर माना. फक्त ते तिच्या माणसांना ऐकू जातील अशा जागी माना, आणि त्याआधी तिनं तुम्हाला जे दिलं त्याचा नीट हिशोब करा.

तो हिशोब 'गोड मुलगी, फार मदत केली' एवढ्यावर उरकू नका. ही मुलगी बहुधा घरी किचागा, म्हणजे त्या भागातल्या चागा लोकांची भाषा, बोलते. सातवीपर्यंत तिचं सगळं शिक्षण स्वाहिलीत झालं, गणितसुद्धा. फॉर्म वनला आल्यावर स्वाहिली सोडून जवळजवळ सगळे विषय इंग्रजीत सुरू झाले. सुरुवातीचे काही आठवडे इंग्रजीची तोंडओळख करून देतात, पण तेवढ्यानं भूमिती इंग्रजीत कळायला लागत नाही. म्हणजे तुम्ही फळ्यावर काही समजावता आणि ती मागे वळून मैत्रिणींना दोन वाक्यांत सांगते, तेव्हा ती आपल्या तिसऱ्या भाषेत ऐकून दुसऱ्या भाषेत बोलत असते. तेही गणित स्वतः समजून घेता घेता. मोठी माणसं या कामाचे पैसे घेतात.

शिवाय वर्गात खरं काय चाललंय ते ती तुम्हाला सांगते, आणि माझ्या मते तिची सगळ्यात मोठी मदत हीच. तिथल्या वर्गात 'समजलं का?' विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात 'येस मॅडम' म्हणतो. नवा शिक्षक खूश होऊन पुढचं प्रकरण उघडतो. माझ्या एका वर्गात फॉर्म थ्रीचा एक मुलगा होता. अबोल, मागच्या बाकावर बसणारा. तास संपल्यावर फळा पुसायच्या निमित्तानं थांबायचा आणि हळूच सांगायचा, 'मॅडम, आज कोणालाच कळलं नाही. उद्या परत घ्या, पण मी सांगितलं म्हणू नका.' त्या शेवटच्या अटीत किती शहाणपण होतं! शिक्षकाला 'कळलं नाही' असं तोंडावर म्हणणं तिथे उद्धटपणाचं वाटतं, आणि वर्गाच्या वतीनं कोणी बोललं तर ते चहाडीसारखं दिसतं. त्यानं दोन्हीकडून स्वतःला वाचवलं आणि मलाही वाचवलं. पुढे मी 'समजलं का' विचारणं सोडून दिलं. प्रत्येकाला वहीत एक उदाहरण सोडवायला लावायचं आणि रांगांतून फिरायचं, ही सवय मला त्या मुलानं लावली.

तुमच्याही मुलीनं असं काही शिकवलं असेल. आठवा. बेरजेला जुम्लिशा, वजाबाकीला तोआ, गुणाकाराला झिदिशा, भागाकाराला गावान्या हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्रिकोण काढताना तुम्ही 'पेम्बेतातू' म्हणालात आणि वर्गाचे चेहरे एकदम उजळले, तो शब्द कोणी दिला? वेळेचा घोळ कोणी निस्तरला? स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की 'सा मोजा', म्हणजे एक. त्यामुळे 'सा नाने'ची सभा दुपारी दोनला असते आणि नवखा स्वयंसेवक आठ धरून बसतो. मग कोणीतरी पोर धावत खोलीवर बोलवायला येतं.

हे सगळं एका कागदावर लिहून काढा. प्रसंग, तारीख आठवली तर तारीख, तिनं काय केलं आणि त्यानं तुमच्या शिकवण्यात काय बदललं. पुढे पत्र लिहिताना हाच कागद लागणार आहे.

आता दुसरी बाजू. तिला हे कितीला पडलं?

शाळा सुरू होण्याआधी मुलांना झाडलोट करायची असते. त्याला उसाफी म्हणतात, आणि ती चुकवली की बोलणी बसतात. त्याआधी घरी पाणी भरणं. किलिमांजारोच्या उतारावर केळी आणि कॉफीच्या बागेतच घर असतं, गाय गोठ्यात बांधलेली असते, आणि तिचा चारा डोक्यावरून आणायचं काम बायका-मुलींकडे असतं. संध्याकाळी तुम्हाला सोडायला आलेली मुलगी घरी उशिरा पोचते. मग चारा उशिरा, स्वयंपाक उशिरा आणि अभ्यास सगळ्यात शेवटी, झोपेच्या पोटी. टांझानियात शाळेत छडी अजून कायद्यानं चालते. ती मुख्याध्यापकांनी किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेल्या शिक्षकांनीच मारावी असा नियम आहे. नियम काहीही असो, तुमचं सामान पोचवून पुढच्या तासाला उशिरा गेलेल्या मुलीला तुम्ही वाचवायला तिथे नसता. ती तुम्हाला सांगणारही नाही.

आणि ती फॉर्म टूमध्ये आहे! वर्षाच्या शेवटी तिची राष्ट्रीय चाचणी आहे, एफटीएनए (फॉर्म टू नॅशनल असेसमेंट). त्यात नापास झाली तर वर्ग पुन्हा करावा लागतो. फॉर्म फोरची मोठी परीक्षा नंतरची, पण ही आधी. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हे: उरलेल्या आठवड्यांत तिचा वेळ तिला परत द्या. सोबत म्हणून नेणं बंद करा. बाजारात एकट्या जा, चार शिलिंग जास्त गेले तर जाऊ द्या. वर्गात दुभाष्याचं काम आळीपाळीनं चौघा-पाचजणांकडे द्या. त्यातले दोघे अडखळतील, आणि त्यामुळेच तुम्हीही सोपं बोलायला लागाल. त्या मुलीला तास ऐकायला मोकळं सोडा. गेले कित्येक महिने तिनं तुमचा तास विद्यार्थिनी म्हणून ऐकलेलाच नाही.

मग आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर, वर्गशिक्षकांना विचारून, जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसा. तिच्या एकटीसोबत नको. तिच्यासारख्या आणखी पाच-सहा मुली घ्या, दार उघडं ठेवा, आणि उजेड असताना सोडा. एकटीला शिकवलंत तर दोन अडचणी होतात. एक म्हणजे मोठं माणूस आणि एक मूल बंद खोलीत बसणं कुठल्याच शाळेत योग्य नाही. दुसरी म्हणजे बाकीच्या मुली तिला तुमची लाडकी ठरवतात. तुम्ही विमानात बसाल, पण तिला त्याच बाकावर त्याच मुलींबरोबर अजून दोन-अडीच वर्षं काढायची आहेत. इंग्रजी शाब्दिक उदाहरणांवर भर द्या. तिथली बरीच मुलं आकडेमोडीत पक्की असतात आणि प्रश्न वाचण्यात मार खातात. आणि त्या बैठकीत तिला दुभाष्याचं काम सांगू नका, सवयीनं तोंडावर येईलच.

आता कौतुक. ते कुठे करायचं हे महत्त्वाचं.

सर्वांत आधी घरी. तिच्या आईवडिलांनी किंवा आजीनं, जी कोणी मोठी माणसं असतील त्यांनी, महिनोन्महिने मुलीला उशिरा येऊ दिलंय. कदाचित कुरबूर करत, पण येऊ दिलंय. त्यांचे आभार राहून जातात, आणि मुलीला घरात बोलणी खावी लागतात ती त्यामुळेच. वर्गशिक्षकांना किंवा एखाद्या शिक्षिकेला सोबत घेऊन जा, आधी निरोप धाडून. साखर, साबण असं रोजच्या उपयोगाचं काहीतरी न्या. आजी असेल तर तुम्ही आधी 'शिकामो' म्हणा, ती 'माराहाबा' म्हणेल. वयानं लहान माणसानं मोठ्याला असंच म्हणायचं असतं, आणि मॅडम असलात तरी तिच्यापुढे तुम्ही लहानच. वस्तू देताना उजव्या हातानं किंवा दोन्ही हातांनी द्या, हे आपल्याला सांगायला नको.

त्या घरात मुलीला दुभाषी करू नका, एवढं मात्र कटाक्षानं पाळा. तिला स्वतःचंच कौतुक स्वतःच्या तोंडानं आईला सांगायला लावाल तर लाजून निम्मं गाळेल, आणि उरलेलं सांगितलं तर शिष्ट दिसेल. शिक्षिकेला सांगू द्या. त्याशिवाय चार वाक्यं तुम्हीच पाठ करा. 'बिन्ती येनू अमेनिसाइदिया साना', तुमच्या मुलीनं मला फार मदत केली. 'म्मेम्लेआ विझुरी', तुम्ही तिला छान वाढवलंत. 'होंगेरेनी', म्हणजे तुमचं अभिनंदन. 'नाशुकुरू साना', मी खूप आभारी आहे. उच्चार बिघडले तर आजी हसेल, आणि मग खरं बोलणं सुरू होईल. दुसऱ्या वाक्यावर थांबा जरा. मुलगी हुशार आहे हे त्यांना ठाऊक असतं. तुम्ही तिला छान वाढवलंत, हे परदेशातून आलेल्या शिक्षिकेनं घरी येऊन सांगणं, हे त्यांनी कधी ऐकलेलं नसतं.

त्यानंतर शाळा. मुख्याध्यापकांना पत्र द्या, साध्या इंग्रजीत, आणि शक्य असेल तर शिक्षिकेकडून स्वाहिली प्रत करून घ्या. शाळेच्या कागदावर, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घेऊन. तिथे शिक्क्याला फार मान आहे, बिनशिक्क्याच्या कागदाला कोणी विचारत नाही. एक प्रत शाळेच्या फायलीत, एक तिच्या घरी. पत्रात 'ती अतिशय प्रेमळ व मनमिळाऊ आहे' असली वाक्यं नकोत, ती कोणाबद्दलही लिहिता येतात. मघाचा कागद काढा आणि असं लिहा: 'या विद्यार्थिनीनं भूमितीच्या संज्ञांची इंग्रजी-स्वाहिली यादी स्वतःहून तयार करून वर्गात लावली. वर्गाला न कळलेला भाग ती मला तास संपल्यावर नेमका दाखवून देई, त्यामुळे मी अपूर्णांकांचे पाठ नव्यानं आखले. तिला अवघड गोष्ट सोपी करून सांगता येते.' उद्या फॉर्म फाइव्हला किंवा एखाद्या कॉलेजात शिफारस लागली तर हे पत्र चालतं. 'मनमिळाऊ'वालं चालत नाही.

पत्रात वर्गशिक्षकांचा आणि गणिताच्या कायमच्या शिक्षकांचाही उल्लेख करा. मुलगी एवढी तयार झाली ती तुमच्या काही महिन्यांत नाही. शिवाय उद्या तिचं भलं-बुरं त्यांच्या हातात आहे. परदेशी बाईंनी एका पोरीला डोक्यावर घेतलं आणि आम्हाला विचारलंही नाही, ही भावना स्टाफरूममध्ये राहिली तर ती त्या पोरीला जड जाते. सकाळच्या रांगेत सगळ्या शाळेसमोर बोलायची संधी मिळाली तर आधी वर्गाचे आभार, मग मदत करणाऱ्या सगळ्यांचे, आणि तिचं नाव त्यात एकदा. भाषण नको.

भेटवस्तू. फोन का नको? एक तर शाळांत विद्यार्थ्यांना मोबाईल आणायला सहसा बंदी असते. सापडला की जप्त, वर पालकांना बोलावणं. माझ्या ओळखीच्या एका स्वयंसेवकानं जाता जाता एका मुलाला असा फोन दिला. महिन्याभरात तो मुख्याध्यापकांच्या कपाटात गेला, आणि मुलगा तो कुठून आणला याचे खुलासे देत बसला. दुसरं म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात महागडी वस्तू दिसली की गाव विचारतं, कोणी दिली आणि कशासाठी. हा प्रश्न मुलाला त्रास देतो, मुलीला कितीतरी जास्त. तुम्ही बाई आहात हे आपल्याला ठाऊक, गावातल्या कुजबुजीला नाही. त्यात आपण भारतीय. मोशी गावात भारतीय वंशाच्या लोकांची दुकानं आहेत, त्यामुळे म्हिंदी, म्हणजे भारतीय, माणूस म्हणजे पैसेवाला असा हिशोब आधीच झालेला असतो. एकीला फोन मिळाला की दहाजणी दारात उभ्या राहतात, आणि त्यांचं काही चुकतही नाही.

द्यायचंच तर वर्गाला द्या. कंपासपेट्यांचा संच, इंग्रजी-स्वाहिली शब्दकोशाच्या चार-पाच प्रती, फळ्यावर वापरायचा मोठा कंपास आणि कोनमापक. हे तिथल्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानातून घ्या, भारतातून आणू नका. शब्दसूचीचा तक्ता मोठ्या कागदावर नीट लिहून घेतलात, खाली ज्यांनी शब्द दिले त्या सगळ्यांची नावं घातलीत, तर पुढच्या वर्षीच्या फॉर्म वनलाही तो उपयोगी पडेल. तिला स्वतःला दोन काउंटर बुक, म्हणजे पुठ्ठ्याच्या जाड वह्या, आणि पेनं द्या, आणि तीच वस्तू तुमच्या दुभाष्यांच्या सगळ्या टोळीला द्या. आईला किंवा आजीला कांगाची, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात त्या छापील सुती कापडाची, जोडी द्यायला हरकत नाही. कांगाच्या काठाजवळ स्वाहिलीत एक वाक्य छापलेलं असतं. ते दुकानातच कोणाकडून तरी वाचून घ्या. काही वाक्यं आशीर्वादाची असतात, तर काही शेजारणीला मारलेले टोमणे. नक्षी बघून घेतलेली कांगा आजीच्या हातात भलतंच काही बोलून बसायची.

खर्चाचं. टांझानियात २०१६ पासून फॉर्म फोरपर्यंत सरकारी शाळेत फी नाही, आणि २०२२-२३ पासून फॉर्म फाइव्ह-सिक्सची फीही माफ झाली. त्यामुळे 'तिची फी भरते' म्हणण्यात फारसा अर्थ नाही. खर्च होतो तो गणवेश, वह्या, बूट, दुपारचं जेवण आणि पुढे वसतिगृहात गेली तर लागणाऱ्या सामानावर. म्हणून आधी मुख्याध्यापकांना विचारा की या वर्गात नेमकी कशाची अडचण आहे. पैसे द्यायचे तर शाळेमार्फत, पावती घेऊन, आणि ज्यांना गरज आहे त्या सगळ्यांसाठी. मुलीच्या किंवा मामा-काकाच्या मोबाईल खात्यावर परस्पर पाठवायला सुरुवात केलीत तर दोन हप्त्यांत ते घर तुमच्या पैशावर बेत आखायला लागतं. तुमची नोकरी बदलली, आजारपण आलं आणि हप्ता थांबला की दोष कोणाच्या वाट्याला येतो? 'मॅडमला पत्र लिहायला तू विसरलीस' असं त्या मुलीलाच ऐकवलं जातं. चार-पाच वर्षं नक्की निभावता येईल अशी खात्री असेल, तिचं घर आणि शाळा दोन्ही तयार असतील, तर विचार करा, तोही घरी परतून सहा महिने गेल्यावर. निरोपाच्या दिवशी, डोळे भरलेले असताना, कुठलंही वचन देऊ नका. 'तुला भारतात शिकायला नेईन' हे तर मुळीच नको. पुढच्या वाटा आहेत: आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारच्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या (आयसीसीआर) शिष्यवृत्त्या आहेत, २०२३ मध्ये आयआयटी मद्रासनं झांझिबारला शाखा सुरू केलीय. पण त्या फॉर्म सिक्सनंतरच्या गोष्टी. त्यांची माहिती गणिताच्या शिक्षकांकडे लिहून ठेवा, म्हणजे ती तिच्याच नाही, कोणाच्याही कामी येईल.

फोटो आणि लेख. ती अठरा वर्षांखालची आहे, म्हणजे तिथल्या २००९ च्या बालकायद्यानुसार मूल. तिचा चेहरा, नाव, शाळा आणि गाव एकत्र कुठेही टाकू नका. आईनं हो म्हटलं तरी नको, कारण त्या घरानं तुम्हाला नाही म्हणणं अवघड आहे. आणि असल्या लेखांत एक खोट नेहमी असते. मुलगी गरीब दिसते आणि स्वयंसेवक थोर दिसतो, प्रत्यक्षात शिकवलेलं असतं तिनं. लिहावंसं वाटलं तर ती काय करत होती ते लिहा, कोण होती ते नको. वर्गाचा एक छापील फोटो मात्र काढा, सगळे उभे असलेला, आणि प्रती तिथेच वाटा. फोन सगळ्यांकडे असले तरी कागदावरचा फोटो भिंतीवर लागतो.

तिला स्वतःला काय म्हणायचं? सगळ्यांसमोर नको, वर्गाच्या दारात, येता-जाता दिसेल अशा जागी. तिनं दिलेली एक नेमकी गोष्ट सांगा आणि आभार माना. ती खाली बघेल, 'इट्स ओके मॅडम' म्हणेल. पुढे ओढू नका.

गेल्यानंतर पत्रं लिहायची असतील तर शाळेच्या पत्त्यावर, मुख्याध्यापकांमार्फत लिहा. तिथे घरपोच टपाल जवळपास नाहीच. पत्त्यात 'एस. एल. पी.' आणि आकडा असतो, म्हणजे शाळेची टपालपेटी, त्यामुळे पत्र आधी ऑफिसात उघडलं जाईल असं धरूनच लिहा. पाठ्यपुस्तकातलं तिला येतं तेवढंच इंग्रजी वापरा. पहिलं पत्र जानेवारीत टाका, एफटीएनएचे निकाल साधारण तेव्हा लागतात. फक्त तिचा निकाल विचारू नका, वर्गाचा विचारा, आणि पत्र वर्गाच्या नावानं असू द्या. तिला उत्तर लिहायचं असेल तर ती लिहील. नाही आलं, तर अभ्यासात आहे असं समजा आणि पुढचं पत्र वर्षभरानं टाका.